विचारांची रुजवात

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



या वर्षी वर्धापनदिनाला मनाच्या आरोग्यावर एक व्याख्यान ठेवावे असे ठरले, तेव्हा चिटणीसबाई प्रथम एका डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांना वेळ नव्हता. मग त्या माझ्याकडे आल्या. मी म्हटले, "अहो, मी कुठली डॉक्टर? मी तर रोगी!" त्या म्हणाल्या, "मग तेच सांगा." तेव्हा आज तुमच्यापुढे उभी आहे ती एक रोगी आहे, आणि सांगणार आहे ते पुस्तकातले थोडे व अंगावरून गेलेले जास्त, असे समजून ऐकावे.

तुमच्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल की, २०१९ च्या एप्रिलनंतर मी मंडळात येईनाशी झाले. बारा वर्षे मी खजिनदार होते. त्या वर्षीच्या वार्षिक सभेत हिशेब वाचून दाखवला, दुसऱ्या दिवशी कपाटाच्या किल्ल्या नातवाबरोबर पाठवून दिल्या आणि घरी बसले. भोंडल्याला आले नाही, सहलीला आले नाही. यजमान गेल्यामुळे हळदीकुंकवाला येत नसेल, असे काहीजणींना वाटले म्हणे. परंतु आपल्या मंडळात हळदीकुंकवाला सगळ्यांनाच बोलावतात. ते कारण नव्हते. खरे कारण मी कोणालाच सांगितले नव्हते. ते आज सांगते, पण त्याआधी थोडे मागे जावे लागेल.

आमचे हे २०१८ च्या मे महिन्यात गेले. रात्री दहाच्या सुमारास म्हणाले, "छातीत जळजळतंय." दुपारी घरात बटाटेवडे झाले होते. मी ओवा नि काळे मीठ दिले, पंखा मोठा केला आणि म्हटले, "डाव्या कुशीवर पडा, बरं वाटेल." पहाटे चारला ते उठले आणि कोसळले. रुग्णालयात नेईपर्यंत सगळे संपले होते.

त्या दिवसापासून माझ्या मनात एकच वाक्य होते. मीच मारले त्यांना. सकाळी चहा गाळताना तेच, रात्री उशीला डोके टेकले की तेच. भेटायला येणारी प्रत्येकजण म्हणे, "अहो, तुमची काय चूक? वेळ आली होती." मी मान डोलावी आणि ती गेल्यावर ते वाक्य दुप्पट जोराने यावे. पहाटे चारला डोळे उघडायचे ते उघडायचेच. अन्न जाईना, वर्षभरात अकरा किलो वजन उतरले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या, त्या स्वच्छ निघाल्या. मग त्यांनी एका मनोविकारतज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी मी दोन महिने देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली. का ते तुम्हांला सांगायला नको. आपल्याकडे पोटाच्या डॉक्टरकडे जाताना माणूस शेजारणीला सांगून जाते, आणि या डॉक्टरकडे जाताना बँकेत जाते म्हणून सांगते. मीही तसेच सांगून गेले.

येथे एक खुलासा करते, कारण हा घोटाळा मलाही होता. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे वैद्यकाची पदवी घेतलेले डॉक्टर. ते औषध लिहून देऊ शकतात. बोलण्यातून उपचार करणारे मानसशास्त्र शिकलेले असतात. ते गोळ्या देत नाहीत. मला दोन्ही लागले. गोळ्यांनी झोप आली, जेवण जाऊ लागले. सुमारे नऊ महिन्यांनी डॉक्टरांनीच त्या हळूहळू कमी करून थांबवल्या. पण ते वाक्य गोळीने गेले नाही. त्यासाठी डॉक्टरांनी मला ज्या बाईंकडे पाठवले, त्या वयाने माझ्या मुलीएवढ्या. मला काकू म्हणत. मी मात्र त्यांना बाईच म्हणत असे, शाळेतल्यासारखे, आजही म्हणते.

पहिल्या दिवशी बाईंनी आधी मुलाला बाहेर बसवले आणि मला एकटीला विचारले, "घरात कोणी त्रास देतं का? मारतं का? पैसे काढून घेतं का?" मला राग आला. नंतर त्याचे महत्त्व कळले. त्याविषयी पुढे बोलेन.

मग मी ते वाक्य सांगितले. मला वाटले, आता या म्हणणार, असा विचार करू नका. त्या म्हणाल्या, "काकू, हा तुमचा विचार झाला. तो खरा आहे की नाही, मला माहीत नाही. आपण दोघी मिळून तपासू या."

तपासू या! मी तेहतीस वर्षे एका कचेरीच्या हिशेब शाखेत काढलेली बाई. जन्मभर दुसऱ्यांनी केलेल्या नोंदी तपासल्या. हल्ली 'रुजवात' हा शब्द लोक सुरुवात या अर्थाने वापरतात, भाषणातून विचारांची रुजवात करतात वगैरे. परंतु आमच्या जुन्या हेडक्लार्कांच्या तोंडी रुजवात म्हणजे ताडून पाहणे. कीर्दीत लिहिले आहे ते पावतीशी जुळते का, पासबुकाशी जुळते का, ते पाहायचे. नोंद सुवाच्य आहे म्हणून ती खरी ठरत नाही. आणि माझ्या डोक्यातली ही एवढी मोठी नोंद मी वर्षभर एकाही पावतीवाचून मान्य करून बसले होते, हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आले.

बाईंनी एक वही करायला सांगितली. उभ्या रेघा मारून रकाने. काय घडले, त्या वेळी मनात नेमके कोणते वाक्य आले, त्याची खात्री शंभरात किती वाटते, त्याला पुरावा काय, त्याच्या उलट पुरावा काय, दुसरे काही कारण असू शकेल का, आणि हे सगळे लिहून झाल्यावर आता खात्री किती. पहिल्या रकान्यात फक्त घडलेलेच लिहायचे, वाटलेले नव्हे. हे ऐकायला सोपे आहे. लिहायला बसा म्हणजे कळेल. "ती माझ्याकडे रागाने बघत होती" हे मी घडलेले म्हणून लिहिले; बाईंनी रागाने हा शब्द खोडून पुढच्या रकान्यात ढकलला. "बघत होती एवढंच घडलं," म्हणाल्या.

ओव्याच्या रात्रीचे पान लिहायला मला तीन आठवडे लागले. खात्री शंभरपैकी शंभर. बाईंनी विचारले, "रात्री दहा वाजता तुम्हांला काय काय ठाऊक होतं? फक्त दहा वाजताचं सांगा." मी सांगू लागले, त्यांना झटका येत होता... "ते तुम्हांला कधी कळलं?" पहाटे. "मग ते पहाटेच्या खाली लिहा." दहाच्या खाली काय उरले? जळजळ. वडे. त्याआधी वर्षभरात अशी जळजळ पुष्कळदा झालेली, प्रत्येक वेळी ओवा दिलेला, प्रत्येक वेळी अर्ध्या तासात बरे वाटलेले. रक्तदाब नाही, मधुमेह नाही. ते स्वतःच "उद्या वडे नकोत" म्हणून हसलेले.

मैत्रिणींनो, मागच्या तारखेने नोंद करणे हा आमच्या खात्यात गुन्हा. एका कारकुनाला त्यापायी मी स्वतः मेमो दिला होता. आणि इथे मी पहाटे चारची माहिती आदल्या रात्री दहाच्या तारखेला लिहून ठेवली होती आणि तिच्या आधारे स्वतःला फाशी देत होते! त्या दिवशी बाईंच्या खोलीत मी जी रडले, ती यजमान गेल्यानंतर पहिल्यांदा त्यांच्यासाठी रडले. तोवरचे सगळे रडणे माझ्या अपराधासाठी होते.

पण हे इथेच संपत नाही. त्यांचा सदरा घामाने भिजला होता. तो मी पाहिला होता. मे महिना, उकाडा, म्हणून दुर्लक्ष केले. हे मी बाईंना सगळ्यांत शेवटी सांगितले. मला वाटले, यावर तरी त्या म्हणतील की जाऊ द्या. त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "हो. घाम तुम्ही पाहिला होता. ते खरंच आहे. त्याचा अर्थ तुम्हांला तेव्हा माहीत नव्हता, हेही खरं आहे. दोन्ही लिहा." तेव्हा पानावर दोन्ही आहे. खात्री शंभरावरून पंचविसावर आली. शून्यावर आली नाही, आणि बाईंनी तसा आग्रहही धरला नाही.

म्हणून आज जाता जाता सांगून ठेवते. छातीत दाब किंवा जळजळ, तीबरोबर घाम, हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, असे झाले तर ओवा शोधत बसू नका. १०८ क्रमांक फिरवा. आपल्या बायकांमध्ये तर कधी नुसती धाप, मळमळ नि विलक्षण थकवा एवढेच लक्षण असते आणि आपण ते कामाच्या ढिगाऱ्यावर ढकलतो. विषयांतर झाले, परंतु हे सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही.

ही तपासणी काढली कोणी? मी बाईंना विचारले, त्यांनी दोन नावे सांगितली. एक न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस, जन्म १९१३. हे गृहस्थ तरुणपणी बायकांशी बोलायला फार भीत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ठरवले की, रोज जवळच्या मोठ्या बागेत जायचे आणि बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसून मिनिटाच्या आत बोलायला लागायचे. महिन्याभरात एकशे तीस बायकांजवळ ते जाऊन बसले. तीस तशाच उठून गेल्या. शंभरजणींशी बोलणे झाले. एकीने पुन्हा भेटायचे कबूल केले आणि तीही आली नाही! पण एलिसांनी काय पाहिले? कोणी आरडाओरडा केला नाही, कोणी पोलीस बोलावला नाही, आकाश कोसळले नाही. भीती जे सांगत होती ते घडलेच नाही. (आपल्या गावच्या बागेत कोणी हा प्रयोग करू लागला तर पोलीस नक्की येतील आणि यावेतच, माझ्या बाजूला एखादा असा येऊन बसला असता तर मी त्या तिसांतली.) पुढे १९५५ च्या सुमारास त्यांनी आपली उपचारपद्धती मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. अंजली जोशी यांची 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी त्यांच्यावरच आहे.

दुसरे फिलाडेल्फियाचे डॉक्टर आरन बेक. शंभर वर्षे जगले. २०२१ मध्ये वारले. लहानपणी हात मोडून त्यात विष पसरले, शाळा बुडाली, एक इयत्ता मागे राहिले आणि आपण मठ्ठ आहोत असे धरून बसले. मग भावांची मदत घेऊन अभ्यास केला आणि वर्गाच्या पुढे निघून गेले. आपल्याविषयीचे मत चुकीचे असू शकते, ही त्यांची पहिली रुजवात म्हणायची. मोठेपणी ते फ्रॉइडच्या पद्धतीने उपचार करीत. रोग्याने मनात येईल ते बोलायचे आणि डॉक्टरने ऐकायचे. एक बाई बोलता बोलता फार अस्वस्थ दिसल्या. खोदून विचारले तेव्हा कळले की, तोंडाने एक बोलणे चालू असता त्यांच्या मनात आत दुसरेच चालले होते: मी या डॉक्टरांना कंटाळा आणते आहे. बेकना उमगले की, असे आपोआप येणारे विचार माणूस सांगतही नाही आणि तपासतही नाही. १९६० नंतर त्यांनी हीच दिशा धरली. उपचार करणारा आणि घेणारा यांनी बरोबरीने बसून पुरावा पाहायचा, हे त्यांच्या पद्धतीचे मर्म.

कोणी म्हणेल, यात नवे काय, समर्थांनी मनाला उपदेश केलाच आहे. मनाचे श्लोक मला लहानपणापासून पाठ आहेत. त्या वर्षातही रोज म्हणत होते. पण माझा अनुभव असा की, उपदेश मी मनाला करीत होते आणि मन खाली मान घालून ऐकत होते, आतले वाक्य मात्र सोडत नव्हते. त्याला कोणी "कशावरून?" असे विचारलेच नव्हते. श्लोकांचा त्यात दोष नाही. ते काम वेगळे.

आता सुनेची गोष्ट. तिची परवानगी घेऊन सांगते. ती मागे बसलीच आहे. माझ्या वहीतले दुसरे मोठे वाक्य होते: सुनेला मी घरात नकोशी झाले आहे. खात्री पंच्याऐंशी. पुरावा काय? मिसळणाचा डबा माझ्या हाताला न पोचणाऱ्या फळीवर गेला. मी स्वयंपाकघरात गेले की तिचे बोलणे थांबते. उलट पुरावा काय? माझ्या गोळ्यांच्या वेळा तिने कागदावर लिहून भिंतीला लावल्या. डॉक्टरांकडे तीच रजा काढून आली. दुसरे कारण? सुचेना. बाई म्हणाल्या, "विचारा तिला."

आपल्यात हे सर्वांत कठीण. आपण सुनेविषयी बहिणीला विचारतो, शेजारणीला विचारतो, पत्रिका दाखवतो. सुनेला विचारत नाही. दोन आठवडे मी गृहपाठ चुकवला. मग एका रविवारी कोथिंबीर निवडताना विचारले, "मी घरात तुला नकोशी झालेय का गं?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "घरात नाही, आई. पण संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तासभर स्वयंपाकघरात मला एकटीला राहू द्याल का? दिवसभर माणसंच माणसं असतात. आणि मी फोडणी करताना तुम्ही मागे उभ्या राहता ना, त्यानं माझा हात थरथरतो."

मला वाईट वाटले. खोटे कशाला सांगू? त्या रात्री जेवण गेले नाही. माझा विचार साफ खोटा निघेल अशी आशा होती, आणि तो चार आणे खरा निघाला. पण चार आणे खरे म्हणजे सोळा आणे खरे नव्हे. घरभर पसरलेले नकोसेपण एका खोलीत आणि एका तासात मावले. साडेसहा ते साडेसात मी आता फिरायला जाते. डबा खालच्या फळीवर आला. फोडणी ती अजूनही मोहरी पुरती तडतडण्याआधीच करते, पण ते मला दिसत नाही.

एवढ्यासाठी म्हणते, कोणी तुम्हांला सांगेल की, ही विद्या म्हणजे चांगले चांगले विचार करायला शिकणे, तर ते ऐकू नका. चांगला विचारही बिनपावतीचा असू शकतो. "सगळं छान होईल" हीसुद्धा एक नोंदच, आणि तिचीही रुजवात घातली पाहिजे.

आणि आता तो पहिल्या दिवशीचा प्रश्न. एखादीच्या मनात येत असेल की, नवरा आज मला मारील, आणि तिच्या अंगावर मागच्या आठवड्याचे वळ असतील, तर तिथे चूक विचारात नाही. तो विचार वस्तुस्थितीशी जुळतो आहे. अशा बाईला वही देऊन रकाने भरायला लावणे हा अन्याय होईल. तिला आसरा हवा, कायदा हवा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा तिच्यासाठी आहे, १८१ हा मदतीचा क्रमांक आहे, आणि आपण शेजारणी आहोत. आमच्या बाईंनी मुलाला आधी बाहेर बसवले ते यासाठी. रुजवात दोन्हीकडून घालायची असते. कधी नोंद चुकीची निघते, कधी गल्ल्यातूनच खरोखर पैसे गेलेले असतात.

ज्यांना कुठे जावे कळत नाही त्यांच्यासाठी: २०२२ च्या ऑक्टोबरात सरकारने टेलि-मानस ही सेवा सुरू केली. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. जीव नकोसा वाटत असेल तर वही, भाषण सगळे बाजूला ठेवून त्याच दिवशी कोणाशी तरी बोला. मीही त्या वाटेच्या तोंडापर्यंत जाऊन आलेली आहे. याहून जास्त इथे सांगत नाही.

राहिले माझे मंडळात न येणे. त्या एप्रिलमध्ये मी हिशेब वाचत होते. तिळगुळाच्या खर्चाचा आकडा वाचला आणि दुसऱ्या रांगेतल्या दोघीजणी एकमेकींकडे बघून हसल्या. झाले! माझ्या मनाने तत्काळ लिहून टाकले: यांना वाटते मी पैसे खाल्ले. दुसऱ्या ओळीत: नवऱ्याला मारले आणि आता मंडळाला लुबाडते, असे म्हणताहेत. आज हे तुम्हांला हास्यास्पद वाटेल, पण खात्री नव्वद होती आणि त्या नव्वदावर मी किल्ल्या पाठवल्या.

बाईंनी याचाही गृहपाठ दिला. २०२० च्या फेब्रुवारीत त्या दोघींपैकी एक मला भाजीबाजारात भेटली. मी धीर करून विचारले, "त्या दिवशी मी हिशेब वाचताना तुम्ही का हसलात?" ती म्हणाली, "कुठल्या दिवशी?" मी तारीख सांगितली. तिने आठवून पाहिले, खरोखर मनापासून पाहिले, आणि म्हणाली, "अहो, मला काहीच आठवत नाही. पण तुम्ही येत का नाही? पावतीपुस्तकं कुठं ठेवलीत ते कोणालाच सापडत नाहीये."

माझ्या वहीत दहा महिने आणि सतरा पाने. तिच्याकडे एक ओळही नाही. त्या का हसल्या हे मला आजतागायत कळलेले नाही. नव्वदाचे वीस झाले आहेत. पुढच्या महिन्यात टाळेबंदी आली म्हणून परत यायला आणखी उशीर झाला, त्याचा दोष माझ्याकडे नाही. पावतीपुस्तके डाव्या कपाटात, जाजमांच्या खाली होती.

चिटणीसबाईंनी घंटा वाजवली. ती वही मी आज बरोबर आणली आहे. रकाने कसे आखायचे ते ज्यांना पाहायचे असेल त्यांनी चहा झाल्यावर खुशाल पाहावे. पहिली चार पाने टाचणी लावून बंद केली आहेत, तेवढी उघडू नयेत.